८२ हजारांचं वूड लेथ ईएमआयवर, की २४ हजारांचं रोख?

ताई नमस्कार. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. ठाण्यात वर्तकनगरला स्वतःचा फ्लॅट, पगार हातात ७८ हजार, होमलोनचा हप्ता २४, घरखर्च ३८, एसआयपी ८, म्हणजे महिन्याला शिल्लक ८ हजार. मुलगा बारावीला. एफडी ३ लाखांची. सावंतवाडीला लाकडी खेळणी खरादीवर होताना बघितली तेव्हापासून स्वतः शिकायचं मनात आहे, आणि समोर वूड लेथची, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या खरादीची, तीन मशीन आहेत: २४ हजारांचं छोटं, टेबलावर ठेवायचं बेंचटॉप, ८२ हजारांचं मोठं, वेग कमीजास्त करता येणारं नो कॉस्ट ईएमआयवर किंवा एफडी मोडून, आणि वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपचं जुनं १५ हजारात.

पहिलं म्हणजे लेथ घ्याच. स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की बायका पत्रात आधी चार ओळी माफी मागतात, तुम्हीपण मागितलीये, त्याची काही गरज नाही. फक्त एक गोष्ट तुमच्या हिशोबात कुठेच दिसली नाही, ती म्हणजे मशीन सोडून बाकीचा खर्च. रफिंग गाउज, स्पिंडल गाउज (गाउज म्हणजे पन्हळीसारखी गोल पटाशी), स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी), पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायला) हे सगळं एचएसएसचं, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं, शिवाय धार लावायला बेंच ग्राइंडर, कारण काम करताना धार दर थोड्या वेळाने लावावीच लागते, बोथट हत्यार लाकडात अडकतं आणि तिथेच अपघात होतो, मग फेस शील्ड, धुळीचा मास्क, पुढे बाऊल करायला लाकूड एका बाजूने पकडणारा चार जबड्यांचा चक आणि बाऊल गाउज. छोट्या मशीनच्या बाबतीत हे सगळं धरून जवळपास मशीनच्या किमतीइतके पैसे परत बाजूला ठेवावे लागतात, म्हणजे २४ चे ४८ धरा.

आता मोठं मशीन. ८२ हजार १२ महिन्यात म्हणजे हप्ता ६,८३३, शिल्लक ८ हजारातून उरले ११६७ रुपये. त्यात चक कुठून येणार, ग्राइंडर कुठून येणार? वर्षभर मशीन हॉलमधे झाकून ठेवायची आणि हप्ते भरायचे, हे मला तुमच्यासाठी नकोय. नो कॉस्टमधे पण प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोख घेतलं तर दुकानदार किती कमी करेल ते आपण विचारतच नाही. एफडीचं तर नावच काढू नका. हप्ता धरून तुमचं घर महिन्याला ६२ हजारात चालतं, म्हणजे ३ लाख हे पाच महिन्यांचेसुद्धा पूर्ण पैसे नाहीत, त्यातले ८२ गेले की साडेतीन महिन्यांवर आलात, आणि मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याज कापते ते वेगळंच.

वागळे इस्टेटचं जुनं मशीन बघायला जा, पण आधी मोटर सिंगल फेज आहे का ते विचारा, कारखान्यातली बरीच थ्री फेज असतात आणि घरात ती चालणार नाहीत. स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा दांडा, हाताने हलवून बेअरिंगमधे खेळ आहे का बघा, आणि टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या बाजूचा सरकता आधार, पुढे सरकवून दोन्ही सेंटरची, म्हणजे लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या सुयांची, टोकं समोरासमोर येतात का तेही बघा. पण कास्ट आयर्नचं लांबलचक वजनदार धूड पहिल्या मजल्यावर न्यायचं, खाली शेजारी राहतात, मला जरा अवघडच वाटतं.

म्हणून माझं मत छोट्याच्या बाजूने. त्याचा स्विंग, म्हणजे त्यावर फिरू शकणाऱ्या लाकडाचा जास्तीत जास्त व्यास, १० इंच, म्हणजे कागदावर १० इंचाचा बाऊल, प्रत्यक्षात ८ धरा, तो डाळीच्या घरगुती वाडग्यासाठी भरपूर झाला. घेताना तीन गोष्टी विचारा. बेड, म्हणजे मशीनचा खालचा आडवा पाया, कास्ट आयर्नचा हवा, पाइपचा नको, थरथरतो. सगळ्यात कमी स्पीड किती, कारण इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) ६ ते ९ हजारात ठेवायचा असा ठोकताळा आहे, म्हणजे ८ इंचाला ७५० ते ११२५, आणि ओबडधोबड ठोकळा असेल तर त्याच्याही खाली. तिसरं, स्पिंडलचा थ्रेड १ इंच ८ टीपीआयसारखा (इंचाला ८ आटे) नेहमीचा असावा आणि टेपर, म्हणजे सेंटर बसतो ते निमुळतं भोक, एमटी२ मापाचं, म्हणजे त्यावर घेतलेला चक आणि सेंटर उद्या दुसऱ्या मशीनवर पण चालतील. माझ्यासाठी ही पैशाची बाब आहे, कारण अडनिड्या थ्रेडचं मशीन विकताना गिऱ्हाईक मिळत नाही आणि बरोबरचं सामान पण वाया जातं.

चक लगेच घेऊ नका. दोन सेंटरमधे लाकूड धरून लाटणं, भोवरा, पटाशीच्या मुठी हे सगळं चकशिवाय होतं, आणि हात त्याच्यावरच बसतो. रफिंग गाउज मात्र बाऊलवर चुकूनही लावू नका, त्याचं मुठीत जाणारं शेपूट बारीक असतं, तुटू शकतं.

प्रदर्शनात बाऊल विकून पैसे वसूल होतील असं तुम्ही लिहिलंय. झाले तर आनंदच आहे, पण आज हिशोबात ते शून्य धरा.

ऑक्टोबरपासून महिन्याला ८ हजार बाजूला टाका, फेब्रुवारीअखेर ४० हजार जमतात: मशीन २४, उरलेल्या १६ मधे टूल्स, ग्राइंडर, शील्ड, मास्क, आणि चक मार्चच्या शिलकेतून. मार्चमधे मुलाची बारावीची परीक्षा पण संपेल, मग घरात आवाज चालेल. आणि पावसाळ्याआधी सोसायट्यांमधे परवानगी घेऊन फांद्या छाटतात तेव्हा आंब्याचं ओलं लाकूड वॉचमनला सांगून मागून ठेवा, ओलं लाकूड छान कातलं जातं, फक्त दोन्ही टोकांना मेण लावा नाहीतर आठवड्यात तडकेल.