बेडूक दिसला म्हणून घाबरायचं का?

प्रश्न : मुलगा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम अन् चॅट. परवा तर्री-पोहे खाता खाता मोबाइलवर एक हिरवा बेडूक दाखवून खो-खो हसत होता. मी नेटवर शोधलं तर म्हणे ही अमेरिकेतल्या कट्टर वर्णद्वेष्ट्यांची निशाणी! तो म्हणते, आई मीम आहे नं, तू काहून टेन्शन घेते? काय समजायचं?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी बेडकाची बाजू ऐका, बिचारा फुकटात बदनाम झाला. त्याचं नाव पेपे, मॅट फ्युरी नावाच्या चित्रकाराने २००५ च्या सुमारास कॉमिकसाठी काढलेला. पुढे वर्णद्वेषी टोळक्यांनी उचलला, नाझी गणवेश चढवला, अन् २०१६ मध्ये अँटी-डिफेमेशन लीग या ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्याला द्वेषचिन्हांच्या यादीत टाकलं. पण २०१९ मध्ये हाँगकाँगची पोरं तोच बेडूक घेऊन लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरली होती, त्यामुळे नुसत्या चित्रावरून काही ठरत नाही, मागोमाग काय येतं ते बघायचं.

कारण ही वर्णद्वेषी मंडळी दारात राजकारण घेऊन येतच नाहीत. ब्रिटनमध्ये ब्रिटन फर्स्ट नावाचा मुस्लिमविरोधी राजकीय गट आहे, त्यांच्या फेसबुक पेजवर मार खाल्लेल्या कुत्र्यांचे फोटो, शहीद सैनिकांना आदरांजली असलं काही काही असायचं, आता याला लाइक कोण नाही करणार? मग हळूच मशिदीच्या नावाने बोंब मारणाऱ्या पोस्ट फीडमध्ये. मार्च २०१८ मध्ये फेसबुकने पेज काढलं तेव्हा २० लाखांवर लाइक होते, खासदार मात्र एकही नाही!

अन् जोकचं म्हणाल तर तीही ठरवून केलेली गोष्ट. डेली स्टॉर्मर या नवनाझी साइटची लेखकांसाठीची नियमावली २०१७ मध्ये फुटली, त्यात चक्क लिहिलेलं की आपण थट्टा करतोय की खरं बोलतोय हे नवख्याला कळता कामा नये. कोणी अडवलं तर ‘जोक होता भाऊ’, नाही अडवलं तर गेलं पोटात. (आपल्या फॅमिली ग्रुपवरचे काही काका आठवले असतील, मला तरी आठवले.)

मोबाइल हिसकू नका, दुसऱ्या फोनवर तेच बघेल. ‘मला नाही समजला बाप्पा, समजावून सांग’ म्हणा. हसायचं कोणावर आहे, परीक्षेवर की एखाद्या जातीधर्मावर, हे त्याला तोंडाने सांगू द्या. अडखळला, नजर चुकवली, तर पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा. अन् जोक सबमिशनचा निघाला तर अजून पोहे वाढा, तर्री जरा जास्त.