नागपुरात वडिलांसाठी घरीच डायलिसिसचे यंत्र बसवायचे आहे. कोणते यंत्र घ्यावे, खोली केवढी असावी आणि काय तयारी करावी?

आपण यंत्राची निवड आणि खोलीचा आकार यांविषयी विचारले आहे. नागपुरात रुग्णांच्या घरी ही यंत्रे बसवण्याचे काम मी करतो आणि माझा आग्रह असा की, पाण्याची सोय निश्चित झाल्याशिवाय यंत्राचा व्यवहार ठरवू नये. खोली साधी, स्वच्छ, धुता येणारी फरशी आणि सांडपाण्याची मोरी असलेली असली की पुरते.

डायलिसिसचा द्रव, म्हणजे मुख्यतः शुद्ध केलेले पाणी, साधारणपणे मिनिटाला 500 मिलिलिटर वेगाने वाहतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. आणि एवढे पाणी व वडिलांचे रक्त यांच्यामध्ये केवळ डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा, पातळ पडदा असतो. पिण्याचे पाणी आतड्यांतून शोषले जाते, तसे संरक्षण येथे नाही. त्यामुळे जंतुनाशासाठी नळाच्या पाण्यात घातलेले क्लोरीन आणि विशेषतः क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग), जे पिणाऱ्याला बाधत नाही, ते रक्तात उतरल्यास तांबड्या पेशी फुटू लागतात. ते अडवण्यासाठी आरओच्या (पडद्यातून पाण्यातील क्षार गाळणाऱ्या यंत्रणेच्या) आधी कार्बनची टाकी असते, आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, हे प्रत्येक डायलिसिसपूर्वी तपासावे लागते. ही तपासणी रोजच्या घाईत सर्वांत आधी गळते, म्हणून ती कोण करणार हे घरात आजच ठरवा. बोअरचे पाणी जड असेल, तर पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनरही लागतो. स्वयंपाकघरातील आरओ या कामाला चालत नाही.

आपल्याकडील उन्हाळ्याचा विचार फार थोडे लोक करतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. यंत्र पाणी तापवू शकते, थंड करू शकत नाही. शिवाय पाणी जितके गरम, तितके अधिक क्षार आरओच्या पडद्यातून पलीकडे जातात. म्हणून यंत्रासाठी सावलीत, शक्यतो खालच्या मजल्यावर, स्वतंत्र टाकी ठेवावी आणि उन्हाळ्यात डायलिसिस सकाळी लवकर उरकावे.

विजेसाठी 16 अँपिअरची स्वतंत्र लाइन आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. यंत्रात बॅटरी असली तरी ती रक्त फिरवणाऱ्या पंपापुरतीच थोडा वेळ पुरते. वीज गेल्यास हाताने पंप फिरवून रक्त परत देणे घरातील निदान दोघांनी शिकलेच पाहिजे.

इतके पाणी आपल्या इमारतीत वर्षभर मिळणार नसेल, तर नेफ्रोलॉजिस्टांना (मूत्रपिंडतज्ज्ञांना) सीएपीडी, म्हणजे पोटातून होणाऱ्या डायलिसिसविषयी अवश्य विचारा. त्यात निर्जंतुक द्रवाच्या तयार पिशव्यांतील द्रव नळीने पोटाच्या पोकळीत सोडून दिवसातून बहुधा तीन-चार वेळा बदलतात. यंत्र लागत नाही, आरओ लागत नाही, मात्र पिशवी बदलताना हातांची आणि जागेची स्वच्छता अत्यंत काटेकोरपणे पाळावी लागते, अन्यथा पोटात जंतुसंसर्ग होतो.