सायकियाट्रिस्टचा कागद फाईलला लागला तर नोकरी जाईल का?

तुरुंगातल्या स्टाफकडून मला हाच प्रश्न सारखा येतो. एका हवालदारांची केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नाइटला राउंड मारताना त्यांना बराकीच्या संडासात एक कैदी गळफास घेतलेला दिसला, रोज ज्याच्याशी दोन शब्द बोलायचे तोच पोरगा, आणि खाली उतरवला तोही यांनीच. मग जबाब सुरू. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होते, व्हायलाच हवी, पण त्यापायी तीच रात्र परत परत सांगावी लागते आणि समोरचा आधी विचारतो, राउंड किती वाजता मारलात?

घरी मुलगी अंघोळीला गेली की हे दाराबाहेर उभे, दर दोन मिनिटांनी हाक. दोरीवरचा ओला टॉवेल दिसला तरी छातीत धडधड. झोपेसाठी दारूची क्वार्टर. नाइट लागली की आधी सिक मारायचे, पुढे पुढे न कळवताच गैरहजर, मग नोटीस आली तेव्हा वहिनी घेऊन आल्या. बसल्या बसल्या म्हणाले, मॅडम मी वेडा नाहीये.

म्हटलं दादा, नाहीच आहात. पण महिना उलटून गेला तरी तेच डोळ्यासमोर येतंय, म्हणजे हा आघाताचा आजार असू शकतो, निदान डॉक्टर करतील. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गोपनीय राहते, हॉस्पिटल आपणहून ऑफिसला कळवत बसत नाही.

नोकरीचं म्हणाल तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात मानसिक आजारही येतो. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही, जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम, तेही नसेल तर अधिसंख्य पद, म्हणजे तुमच्यासाठी तयार केलेलं जादा पद. मात्र झोप उडाली म्हणजे लगेच दिव्यांगत्व नाही, त्रास दीर्घकाळचा असावा लागतो. शिवाय सरकार काही पदांना यातून सूट देऊ शकतं, 2021 मध्ये केंद्रानं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना दिलीये, म्हणून आपल्या पदाचं काय ते सर्व्हिस मॅटर बघणाऱ्या वकिलाला विचाराच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सीआरपीएफच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की गैरवर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे एक कारण असलं तरी संरक्षण मिळतं, तेच एकमेव कारण होतं हे सिद्ध करावं लागत नाही.

माझ्या बघण्यात लोक अडकतात ते आजारानं नाही, गैरहजेरीनं. कागद नसला की साहेबांच्या लेखी तुम्ही कामचुकार.

या दादांनी नोटिशीच्या उत्तराला डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलं, लेखी अर्ज करून दिवसपाळी मागितली, ती मिळाली. खात्याची चौकशी अजून चालूच आहे. औषधांनी फरक पडतोय म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नको असं डॉक्टर म्हणाले, मलाही पटलं.

आत मोबाईल नेता येत नाही, पण ड्युटी सुटल्यावर 14416 लावा, टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही चालू असतं, मराठीत बोलतात.