आंध्रातल्या बोरा गुहांमधले लवणस्तंभ कसे तयार होतात? त्यांना हात का लावू नये?

पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडक विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या छताला थेंब लोंबतो, तेव्हा हा वायू हवेत निसटतो आणि कॅल्साइटचा (चुनखडकातल्या मुख्य खनिजाचा) अतिसूक्ष्म थर मागे राहतो. छतातून वाढतात ते अधोमुखी, जमिनीवरून उठतात ते ऊर्ध्वमुखी. दोन्ही भेटले की अखंड खांब. सेंटिमीटरभर वाढायला अनेकदा 100 वर्षं लागतात! हाताचा तेलकटपणा लागला की नवा थर नीट बसत नाही, रंगही काळवंडतो. म्हणून कृपा करून लांबूनच बघा. टॉर्च तिरका धरलात तर स्फटिकांचे पैलू छान चमकतात. अजिंठा-वेरूळला मात्र हे दिसणार नाही. ती लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत, आणि बेसाल्ट चुनखडकासारखा विरघळत नाही.