ओव्हनमध्ये मासे आणि भाज्या एकत्र भाजताना

वडिलांना शुगर निघाली, रात्रीचा भात आणि पोळी कमी करायला सांगितलंय, म्हणून तुम्ही ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) मासे-भाज्या भाजताय. पण मासा चिवट होतो आणि भाज्या पाण्यात पोहतात, असं तुम्ही लिहिलंय. कारण एकच: दोन्ही एकाच वेळी आत जातात. फ्लॉवरला 200 अंशांवर 25-30 मिनिटं लागतात, पाऊण इंच जाडीच्या सुरमईच्या तुकडीला 10-12 मिनिटं पुरतात. तेव्हा आधी भाज्या, मासा नंतर.

भाज्या धुतल्यावर फडक्यावर खडखडीत कोरड्या करा. तेल, मीठ, थोडी हळद चोळा आणि ओव्हनसोबत तापवलेल्या ट्रेमध्ये एकाच थरात, सुट्या सुट्या पसरा. दाटी झाली की त्या भाजत नाहीत, नुसत्या वाफाळतात. जास्त असतील तर सरळ दोन घाणे करा. टोमॅटोचा आतला रस-बिया काढून टाका. आपल्या नाशिकजवळच्या गिरणारे-दिंडोरीकडचा घट्ट टोमॅटो मिळाला तर फारच छान. गिलकं आणि दुधी मात्र यात नकोच, फार पाणी सोडतात.

फ्लॉवर आणि ढोबळी मिरचीत 100 ग्रॅमला साधारण 5 ग्रॅम कार्ब (साखर वाढवणारी कर्बोदकं) असतात, कांद्यात 9, मटारमध्ये 14, बटाट्यात 17. म्हणून बटाटा-मटार बाजूला ठेवा, कांदा चवीपुरता. माशात कार्ब जवळपास नसतातच; ते येतात आपण वरून लावतो त्या रवा आणि तांदळाच्या पिठातून. ते लावू नका. लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर जाडसर वाटून चमचाभर तेलात कालवा आणि तेच लावा. कोरडा काळा मसाला वरून भुरभुरला तर करपून कडू होतो, तोही तेलातच कालवायचा.

मासा कोणता? गंगापूर धरणाचा रोहू ताजा मिळतो, चवही उत्तम, पण त्यात बारीक दुतोंडी काटे फार. वडिलांसाठी मी सुरमई घेईन, मधला काटा काढला की काम झालं. आपल्याकडे समुद्राची मासळी मुंबईहून बर्फात येते, त्यामुळे अख्खा मासा बघून, कल्ले लाल आहेत का ते तपासून मगच तुकड्या करून घ्या. बांगडा स्वस्त आणि तेलकट, सहसा कोरडा पडत नाही.

तुकड्यांना मीठ-हळद लावून 15 मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी टिपून घ्या, मग वाटण. भाज्यांच्या कडा तांबूस झाल्या की त्यांच्यावर तुकड्या मांडा. 9 मिनिटांनी सुरीचं टोक मधल्या काट्याजवळ घालून बघा. अर्धपारदर्शक मांस दुधाळ पांढरं झालं आणि पापुद्रा सहज सुटला की लगेच बाहेर काढा; गरम ट्रेवर तो आणखी थोडा शिजतोच. लिंबू पानात वाढल्यावर पिळा.

एक गोष्ट कळकळीने सांगते: वडील शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर रात्रीचे कार्ब एकदम बंद करू नका. काही औषधांवर साखर खाली जाऊन चक्कर, घाम, थरथर होऊ शकते. डॉक्टरांना आधी विचारा, डोस बदलावा लागेल का ते. तोवर अर्धी भाकरी पानात राहू द्या.