विस्कॉसिटी (द्रवाचा चिकटपणा) एवढीशीच असेल तर ती शून्य धरून भोवऱ्याचं गणित का करता येत नाही?

म्हणजे तुमचं म्हणणं, फ्लो स्टेडी आहे (वेळेनुसार बदलत नाही), विस्कॉसिटी नगण्य आहे, मग प्रवाहाच्या समीकरणातली ती टर्म खोडली तर बिघडलं कुठे. एमएस्सीला मी पण खोडली होती, सर म्हणाले "उत्तर एकच येतंय का बघ", आणि मी गप्प.

एकच येत नाही हीच गोची आहे. खोडल्यावर ऑयलरचं समीकरण (विस्कॉसिटी नसलेल्या प्रवाहाचं) उरतं आणि टू-डीमध्ये ते एवढंच सांगतं की एका स्ट्रीमलाइनवर (म्हणजे कण ज्या वाटेने जातो त्या रेषेवर) व्हॉर्टिसिटी, म्हणजे पाण्याचा कण स्वतःभोवती किती फिरतोय ते, सारखी. शेजारच्या लाइनवर किती? काहीही चालतं. सरळ वाहत्या पाण्यात ती वरच्या अंगाने, प्रवाहाबरोबर येते म्हणून निभावतं, पण भोवऱ्यातल्या लाइनी बंद असतात, वरून काही येतच नाही.

आमच्या नाशकात गंगेवर (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात) घाटाच्या कोपऱ्यात कधी कधी द्रोणातला दिवा अडकतो आणि तिथंच गोल फिरत बसतो, पाण्याचा कण पण तसाच त्याच वाटेवर प्रदक्षिणा घालतो, एका फेरीत विस्कॉसिटीचा परिणाम चिमूटभर पण फेऱ्यांना अंत नाही. आता एका बंद लाइनवर पूर्ण फेरीची बेरीज करा. प्रेशर होतं तिथंच परत येतं, वेगाचंही तेच, म्हणजे दोघांचा हिशोब शून्य, उरली एकटी विस्कस टर्म, ती कितीही बारीक असली तरी तिची बेरीज शून्यच यायला हवी, आणि ते तेव्हाच जमतं जेव्हा आतली व्हॉर्टिसिटी सगळीकडे एकच असते. हे प्रांट्ल-बॅचलर थिअरम, प्रांट्लने 1904 ला, बॅचलरने 1956 ला.

गोल भोवरा असेल तर आतलं पाणी घन चकतीसारखं फिरतं, आतला दिवा आणि बाहेरचा दिवा एकाच वेळात फेरी मारतात. (खऱ्या नदीत टर्ब्युलन्स म्हणजे खळबळ असते, थिअरम लॅमिनार म्हणजे शांत, थराथराने वाहणाऱ्या टू-डी फ्लोचं आहे, घाटावर स्टॉपवॉच घेऊन जाऊ नका.)

किती व्हॉर्टिसिटी, ते कडेचा बाउंडरी लेयर (भिंतीलगतचा पातळ थर) ठरवतो. गोल भांड्याची अर्धी भिंत 1 वेगाने सरकतेय, अर्धी स्थिर, तर गाभ्याच्या कडेचा वेग 0.5 नाही, 0.71, कारण सरासरी वेगाच्या वर्गांची घ्यायची असते आणि मग तिचं वर्गमूळ, मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

आणि हे सगळं सावकाश होतं बरं का. 10 सेंमीचं भांडं, पाणी, साधारण 10,000 सेकंद म्हणजे पावणेतीन तास. सिम्युलेशन त्याआधीच थांबवलंत तर आत तुम्ही सुरुवातीला भरलेलीच व्हॉर्टिसिटी दिसेल.