डेव्ह स्मिथ नेमके कोण, आणि त्यांच्यावरील आक्षेप कितपत खरे?

आपण विचारले आहे की, अमेरिकी पॉडकास्टकार जो रोगन यांच्या कार्यक्रमात ब्रिटिश लेखक डग्लस मरे यांच्याशी वाद घालणारे डेव्ह स्मिथ कोण आहेत, ते ट्रम्प यांच्या गोटातले आहेत की विरोधातले, आणि एका विनोदी कलाकाराच्या परराष्ट्र धोरणावरील मतांना वजन का द्यावे. अमेरिकेतील लिबर्टेरियन, म्हणजे राज्यसंस्थेची सत्ता कमीत कमी ठेवून व्यक्तिस्वातंत्र्य मागणाऱ्या, चळवळीत मला बरीच वर्षे रस आहे आणि स्मिथ यांचा कार्यक्रमही मी नियमित ऐकत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देतो. युद्धविरोध हा स्मिथ यांच्या विचाराचा कणा आहे. त्यांची बाकीची मते त्याला धरून आहेत आणि त्यांच्याभोवतीचे मोठे वादही बहुतेक तेथूनच उद्भवले आहेत, असे माझे मत आहे.

स्मिथ मूळचे न्यूयॉर्कचे, ज्यू कुटुंबात वाढलेले, पेशाने स्टँड-अप कॉमेडियन. बिग जे ओकरसन आणि लुईस गोमेझ यांच्यासोबतच्या ‘लीजन ऑफ स्कँक्स’ या अत्यंत शिवराळ विनोदी पॉडकास्टमुळे त्यांना पहिला श्रोतृवर्ग मिळाला. राजकारणाकडे ते वळले ते रिपब्लिकन पक्षातील युद्धविरोधी खासदार रॉन पॉल यांच्यामुळे, असे ते स्वतः वारंवार सांगतात. मे २००७ मध्ये साउथ कॅरोलायना येथे रिपब्लिकन पक्षाच्या इच्छुक उमेदवारांची चर्चा झाली. अमेरिका इराकवर दहा वर्षे बाँब टाकत होती आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागील कारणांत हेही एक आहे, असे पॉल यांनी तेथे भर सभेत सांगितले. न्यूयॉर्कचे माजी महापौर व प्रतिस्पर्धी इच्छुक रुडी जुलियानी यांनी ते विधान मागे घेण्याची मागणी केली, सभागृहाने जुलियानींना टाळ्या दिल्या, आणि पॉल मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. एका संपूर्ण पिढीला या काही मिनिटांनी लिबर्टेरियन केले, आणि स्मिथ हे त्या पिढीतले सर्वांत ऐकले जाणारे वक्ते ठरले. त्यापाठोपाठ २००८ चे आर्थिक संकट आले, आणि मध्यवर्ती बँकेने स्वस्त केलेला पैसाच अशा तेजी-मंदीला कारणीभूत ठरतो हे ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचे प्रतिपादन या तरुणांना पटू लागले.

‘पार्ट ऑफ द प्रॉब्लेम’ हा त्यांचा स्वतःचा पॉडकास्ट या वैचारिक घडणीतून उभा राहिला. त्यात लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांचा प्रभाव जागोजागी जाणवतो. कोणावरही प्रथम बळाचा वापर करू नये हे रॉथबार्ड यांचे मूलतत्त्व. व्यक्तीला जे निषिद्ध, ते राज्यसंस्थेलाही निषिद्धच, आणि राज्यसंस्थेचे सर्वांत मोठे बळ म्हणजे युद्ध. परराष्ट्र धोरणाच्या तपशिलासाठी स्मिथ बहुतांशी युद्धविरोधी लेखक स्कॉट हॉर्टन यांच्या अभ्यासावर विसंबतात आणि तसे मोकळेपणाने सांगतातही. गुंतागुंतीचा विषय सामान्य श्रोत्याला समजेल अशा क्रमाने मांडणे, समोरच्याचा मुद्दा आधी नीट सांगून मग खोडणे, आणि आवाज न चढवता वाद पुढे नेणे, ही त्यांची खरी हातोटी आहे. विनोदाच्या रंगमंचावर कमावलेले वेळेचे भान येथे फार उपयोगी पडते.

पक्षाच्या राजकारणातील त्यांची कारकीर्द मात्र वेगळ्या तराजूत तोलावी लागेल. लिबर्टेरियन पक्षाची स्थापना १९७१ मधली. २०१६ मध्ये पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना सुमारे ४५ लाख मते, म्हणजे ३.३ टक्के, मिळाली आणि तो पक्षाचा उच्चांक आहे. तरीही जॉन्सन आणि त्यांच्यासोबतचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार बिल वेल्ड यांनी पक्षाचे विचार पातळ केले, अशी ‘मिझेस कॉकस’ या अंतर्गत गटाची तक्रार होती. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीला पक्षाने पुरेशा आवाजात विरोध केला नाही, हा राग त्यात मिळाला. स्मिथ हे या गटाचा सर्वांत परिचित चेहरा होते. मे २०२२ मध्ये रेनो येथील अधिवेशनात या गटाने पक्ष जिंकला: अँजेला मॅकआर्डल अध्यक्ष झाल्या, गर्भपातासंबंधीचे कलम जाहीरनाम्यातून वगळले गेले, आणि वंशद्वेषी पूर्वग्रहांचा स्पष्ट शब्दांत निषेध करणारे वाक्यही बदलले गेले. हे वाक्य बदलणे मला तेव्हाही अयोग्य वाटले होते आणि आजही वाटते. व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या पक्षाला तो निषेध ओझे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. काही राज्य शाखा या काळात दुरावल्या, आणि न्यू हॅम्पशर शाखेच्या समाजमाध्यम खात्यावरून प्रसिद्ध होणाऱ्या चिथावणीखोर मजकुराने पक्षाची बदनामी झाली.

२०२४ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक स्मिथ स्वतः लढवतील, असे त्यांच्या समर्थकांनी जवळजवळ गृहीत धरले होते. त्यांनी माघार घेतली. वॉशिंग्टनमधील अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती मिझेस कॉकसला न रुचणाऱ्या चेस ऑलिव्हर यांना. जिंकलेल्या गटानेच आपल्या पक्षाच्या उमेदवाराकडे पाठ फिरवली आणि ऑलिव्हर साडेसहा लाख मतांच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.४ टक्क्यांवर, थांबले. या घसरणीचा सगळा दोष स्मिथ यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल, पण पक्ष ताब्यात घेण्यासाठी खर्च केलेली शक्ती तो चालवण्याच्या वेळी कोठेच दिसली नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

आता ट्रम्प. त्याच अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प भाषणाला आले, त्यांची हुर्यो उडवली गेली, आणि तरीही ‘सिल्क रोड’ या अमली पदार्थांच्या विक्रीसाठी गाजलेल्या छुप्या ऑनलाइन बाजाराचे संस्थापक रॉस उलब्रिख्त यांची शिक्षा आपण पहिल्या दिवशीच कमी करू असे आश्वासन त्यांनी दिले. दुहेरी जन्मठेप अधिक ४० वर्षे अशी ती शिक्षा होती, आणि लिबर्टेरियन मंडळींच्या दृष्टीने तो वर्षानुवर्षांचा अन्याय होता. पुढे स्मिथ यांनी ट्रम्प यांना मत देण्याची भूमिका जाहीर केली. जानेवारी २०२५ मध्ये उलब्रिख्त यांना पूर्ण माफी मिळाली तेव्हा हा हिशेब बरोबर ठरल्यासारखा वाटला. परंतु जून २०२५ मध्ये इस्राएलने इराणवर हल्ले सुरू केले, ट्रम्प प्रशासन त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि स्मिथ यांनी आपण ट्रम्प यांना दिलेल्या पाठिंब्याबद्दल जाहीर माफी मागून ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा असे म्हटले. पुढे काही दिवसांतच अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर स्वतः बाँब टाकले. ‘गोटातले की विरोधातले’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर या घटनाक्रमातच आहे. उजव्या बाजूचा श्रोतृवर्ग दुखावण्याची किंमत ठाऊक असताना त्यांनी हे केले, याचा मला मनापासून आदर वाटतो. मात्र इराणबाबत ट्रम्प यांचा पहिल्या कारकिर्दीतला इतिहास, विशेषतः जानेवारी २०२० मधील इराणी सेनानी कासेम सुलेमानी यांची हत्या, समोर असताना मूळ विश्वास कशाच्या आधारावर ठेवला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

डग्लस मरे यांच्याशी झालेला वाद एप्रिल २०२५ मधला. मरे यांचे दोन आक्षेप होते आणि ते वेगळे ठेवायला हवेत, कारण त्यानंतरच्या चर्चेत बहुतेकांनी ते एकत्र केले. पहिला असा की, इस्राएल व गाझा येथे कधी न गेलेल्या माणसाने या विषयावर इतके बोलू नये. हा आक्षेप मला कमकुवत वाटतो. प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याने जाण वाढते, पण एखादे विधान खरे की खोटे हे त्याच्या पुराव्यावर ठरते, आणि इराकवरील युद्धाची शिफारस करणाऱ्यांत पदव्या व प्रवास यांची मुळीच कमतरता नव्हती. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्याचा स्मिथ निषेध करतात आणि त्याच कसोटीवर गाझातील नागरिकांच्या हत्येचाही निषेध करतात. ही मांडणी चुकीची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती मुद्द्यांवर खोडावी.

दुसरा आक्षेप रोगन यांच्यासाठी होता, पण तो स्मिथ यांनाही लागू पडतो, आणि त्यात तथ्य आहे. चर्चिल यांना दुसऱ्या महायुद्धातील मुख्य खलनायक ठरवणाऱ्या पॉडकास्टकार डॅरिल कूपर यांच्यासारख्यांना मोठी व्यासपीठे मिळतात आणि त्यांची पुरेशी उलटतपासणी होत नाही. स्मिथ यांनी कूपर यांचा बचाव केला आहे. सरकारी प्रवक्त्याचे प्रत्येक वाक्य तपासणारा माणूस प्रस्थापितांच्या विरोधात उभ्या राहिलेल्याला मात्र सवलत देतो, हा त्यांच्या कामातील खरा दोष आहे. आपण केवळ विनोदी कलाकार आहोत हा खुलासा लाखो लोक ऐकू लागल्यावर पुरत नाही.

स्थलांतराबाबतही एक खुलासा करतो, कारण त्यावरून अनेक लिबर्टेरियनच त्यांना आपले मानत नाहीत. सार्वजनिक मालमत्ता ही प्रत्यक्षात करदात्यांची असल्याने, तिच्यावर कोणाला येऊ द्यावे हे त्यांच्या इच्छेनुसार ठरावे, असा युक्तिवाद ते करतात. उलट बाजूचे म्हणणे असे की, ही मुभा दिली की सीमा सांभाळण्याच्या नावाखाली त्याच राज्यसंस्थेला प्रचंड पोलिसी बळ मिळते, जिच्यावर स्मिथ एरवी कधीच विश्वास ठेवत नाहीत. मला ही दुसरी बाजू अधिक पटते.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर चालू घडामोडींवरील भाग बाजूला ठेवावेत आणि हॉर्टन यांच्यासोबतचे इराक, येमेन व युक्रेनवरील भाग आधी घ्यावेत. त्यानंतर मरे यांच्याबरोबरची ती चर्चा पुन्हा, कोणी काय सिद्ध केले याची टिपणे काढत, पूर्ण ऐकावी.